दाट टाके

आमच्या घरात कागदाची एक बाजू कधी वाया जात नसे. पुढच्या बाजूला आप्पांचं पत्रक असायचं, मागच्या कोऱ्या बाजूला माझी गणितं. वाटून उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर मी सातवीपर्यंतचा अभ्यास केला. कंत्राटी कामगार, सुरक्षा साधनं, नुकसानभरपाई हे शब्द मला पंधराच्या पाढ्याच्या आधी पाठ झाले. आप्पा म्हणजे माझे वडील. कुरकुंभच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कंपनीत ते ठेकेदाराकडे कामाला होते. आम्ही राहायला दौंडला. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि कागद.

पत्रकाबाबत आप्पांचा एकच नियम होता. खरं असेल तेच छापायचं, आणि खरं असेल ते छापायचंच. नियमाचा पहिला अर्धा भाग सगळेच सांगतात. दुसऱ्या अर्ध्यामुळे आप्पांची कामं सुटत गेली. मी त्या दुसऱ्या अर्ध्यावर वाढले. शाळेच्या खिचडीत अळी निघाली आणि बाई म्हणाल्या, गपचूप ताट पुसा, तेव्हा मी ते मधल्या सुट्टीत फळ्यावर लिहून ठेवलं होतं. आप्पांनी त्या दिवशी मला भेळ खाऊ घातली.

दरवर्षी जानेवारीत आम्ही शिरूरपासून कुरकुंभपर्यंत चालत जायचो. कंपनीत टाकी साफ करताना आप्पांचा एक जोडीदार आत गुदमरून मेला होता. तो शिरूरजवळच्या घोड नदीकाठच्या वस्तीवरचा. त्याच्या घरापासून निघायचं, न्हावरा, मग भीमेवरचा पारगावचा पूल, केडगाव, पाटस असं करत पाचव्या दिवशी, तो गेला त्या तारखेला, कंपनीच्या गेटवर पोचायचं. वाटेत गावोगाव पत्रकं वाटायची. मी लहान असताना तीसेक माणसं असायची, पुढं झेंडा. मग कुणी सुपरवायझर झालं, कुणी पोराच्या नोकरीसाठी गप्प झालं. गेल्या वर्षी आम्ही पाच जण होतो. या वर्षी दोघंच.

त्या जोडीदाराच्या बायकोला मी काकू म्हणते. त्या गोधड्या शिवतात. शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत लोक जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे गणवेश त्यांच्याकडं आणून टाकतात. निघायच्या दिवशी काकू आप्पांच्या हातात एक डबा द्यायच्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, त्या पाच दिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी. नवरा गेला त्या दिवशी त्याचा डबा न उघडता घरी परत आला होता. म्हणून दरवर्षी हा डबा गेटपर्यंत जायचा आणि पहिल्या पाळीतून सुटलेल्या कामगारांनी तो तिथंच उभ्यानं खायचा. हे कुठल्या शास्त्रात नाही. काकूंनी आणि आप्पांनी ते आपापसात ठरवलेलं होतं.

दोन वर्षांपासून आप्पांना जिना चढताना दम लागत होता. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि सांगितलं, फुप्फुसं झिजलीत, भरून येणार नाहीत. या दिवाळीत आप्पा म्हणाले, "ह्या साली एकदा गेटापतुर चालत जातो. शेवटचं. मग तुझं तू बघ."

"जीपनं जाऊ," मी म्हटलं.

"डबा जीपनं न्यायचा व्हय? मग पार्सलच कर की."

चालणार म्हणजे ओझं आलं. आप्पांचा हट्ट असा की आपलं अंथरूण आपण वाहायचं. मी पत्रकांचा गठ्ठा आणि पाणी घेणारच होते, पण त्यांची गोधडी ते मला देईनात. त्यांची गोधडी म्हणजे काकूंच्या हातची, सात पदरी, ओल्या गोणीसारखी जड. ती पाठीवर टाकून त्यांनी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि दाराला धरून उभे राहिले. दुसऱ्या रविवारी मी पुण्याला गेले आणि डोंगरात फिरणाऱ्यांच्या दुकानातून एक स्लीपिंग बॅग घेऊन आले. ज्याच्या छातीत कंपनीनं आयुष्यभर काय काय भरलं, त्याला एकदा तरी उत्तमातलं उत्तम मिळालं पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं. माझा हा विचारही पत्रकातल्या वाक्यासारखाच होता, हे आता कळतं.

आप्पांनी ती हातात तोलून पाहिली. "मायला, हिच्यात काय हाय का न्हाई?"

"बदकाची पिसं आहेत."

"म्हंजी बदकं तिकडं गारठली आन् आपुन हिकडं उबलो. छापायचं का हे?"

"आप्पा!"

"आन् आकार असा का हिचा? पायाकडं निमुळता?"

"हिला ममी बॅग म्हणतात. अंगाला लपेटून बसते, ऊब बाहेर जात नाही."

"ममी म्हंजी मेलेल्या माणसाला गुंडाळत्यात ती?" आप्पा हसले. मीही हसले.

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर गेलो. मी सतरंजी पसरली, त्यावर बॅग. आप्पा आत शिरले. मी चेन खांद्यापर्यंत ओढली आणि मग, सगळं वाचून आल्याच्या तोऱ्यात, "अर्धी थंडी डोक्यातून शिरते" असं म्हणत टोपीची दोरीही आवळली. आप्पांचा चेहरा तेवढा उघडा राहिला. नाक, डोळे, मिशा. भोवती कापडाचा गोल.

त्यांचे डोळे फिरले. आधी मला वाटलं चेष्टा करतायत. मग बॅगेच्या आत त्यांचे हात वर यायला धडपडू लागले. हात आतल्या आत कापडाला धडका देत होते आणि आप्पांच्या तोंडातून श्वास नुसता आत जात होता, बाहेर येत नव्हता. मी चेन ओढली, तर तिनं आतलं कापड पकडलं. खाली ओढू, वर ओढू, अडकलेलीच. शेवटी मी दोन्ही हातांनी टोपीचं तोंड फाकवलं आणि ते खांद्यांसकट बाहेर ओढले गेले. कितीतरी वेळ ते गच्चीच्या कठड्याला पाठ लावून बसून होते. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. टाकीला वरून एवढंच तोंड होतं, दोन्ही हातांचा गोल करून त्यांनी दाखवलं. जोडीदार आत उतरला, आप्पा वर दोर धरून. आतली हवा तपासल्याचा कागद सहीशिक्क्यासकट टाकीला चिकटवलेला होता. हवा कुणी तपासलीच नव्हती. दोर ढिला पडला तेव्हा आप्पा आत उतरले. जोडीदाराला खांद्यावर घेऊन तोंडापर्यंत आणलं, पण दोघं एकदम त्या तोंडातून निघेनात. वरच्यांनी हाताला लागला त्याला ओढलं.

"मी हाताला लागलो," आप्पा म्हणाले.

त्या अपघातावर आप्पांनी लिहिलेलं प्रत्येक पत्रक मी वाचलं होतं, काहींची मुद्रितं मी तपासली होती. त्या सगळ्यांत 'एक सहकारी कामगार वाचला' एवढाच उल्लेख होता. तो सहकारी माझ्यासमोर गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसला होता. खरं ते छापायचंच म्हणणाऱ्या माणसानं एवढं एक छापलं नव्हतं आणि मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी, दोरी आवळत होते.

दुकानवाला वापरलेली बॅग परत घेईना. मी पुन्हा वाचायला बसले. तेव्हा कळलं की पाठीवर ओझं घेऊन लांब चालणारे कितीतरी लोक अशी बंद बॅग वापरतच नाहीत. ते नुसतं एक पांघरूण घेतात. त्याला टोपी नाही, चेन नाही, पाठीखालचा भागच नाही. कारण अंगाखाली दबलेली पिसं तशीही ऊब देत नाहीत. ऊब पिसांची नसते, पिसं फुगल्यावर त्यांच्यामध्ये जी हवा अडकते तिची असते. पाठीखाली चटई, वर हे पांघरूण, पायाशी फक्त पिशवीसारखं शिवलेलं. हवं तेव्हा हात बाहेर, हवं तेव्हा लाथेनं दूर.

मी आप्पांना हे आठवडाभर ऐकवलं. चहा पिताना हवा, जेवताना पिसं.

"म्हंजी गोधडीच की," ते म्हणाले. "एवढं शिकून गोधडीवर आलीस व्हय?"

तयार पांघरूण बाहेरून मागवावं लागलं असतं. ते मला पटेना. शिरूरला काकूंसारखा हात असलेली बाई बसलेली असताना बाहेरून शिवलेलं का मागवायचं? आपल्या बायकांच्या कामाला काम म्हणायचं नाही, हस्तकला म्हणायचं आणि पैसे दुसरीकडं द्यायचे, यावर मी स्वतः एक पत्रक लिहिलेलं होतं. शिवाय बॅग घरात पडलीच होती. तिची चेन आणि टोपी कापायची, ती उभी उघडायची, कडा शिवायच्या, झालं पांघरूण. मी बॅग घेऊन काकूंकडं गेले, खडूनं रेघा आखून दिल्या आणि परतले. आत पिसं आहेत, सांभाळून कापा, हे सांगितलं. पिसं फुगलेली राहायला हवीत, हे सांगितलं नाही. सात दिवस आप्पांना ऐकवलेलं वाक्य मी ज्या हातांना सांगायला हवं होतं त्यांनाच सांगितलं नाही. मला वाटलं, गोधडी शिवणारीला गोधडी काय शिकवायची.

निघायच्या सकाळी आम्ही काकूंच्या अंगणात पोचलो. धुकं नदीवरून उसात शिरत होतं. काकूंनी पांघरूण दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं, बारशाला बाळ आणावं तसं.

त्यांनी त्यावर टाके घातले होते. कडेला नाही, सगळीकडं. बोटभर अंतरावर एकेक ओळ, चारी बाजूंनी आत आत जाणारी, मधोमध चौकोन. लाल दोरा, एकसारखा, कुठं वाकडा टाका नाही. इतकं देखणं काम मी त्यांच्या हातचंही पाहिलं नव्हतं. आणि ते चादरीएवढं पातळ झालं होतं.

"ती पिसं नुसती हिकडून तिकडं पळत व्हती गं कप्प्यात," काकू म्हणाल्या. "असलं ढिलं काम विकत्यात व्हय पुण्याला? आपल्या गोधडीत असं चालंल का? आठ दिस बसले. आता एक पीस हलायचं न्हाई."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला जोर देऊन.

"वहिनी," ते म्हणाले, "झकास."

"ऊब धरंल का भावजी?"

"धरंल म्हंजी? घाम फुटंल. भीमेकाठी कुणाला उसना द्यावा लागंल."

काकू पदराआड हसल्या. डबा दिला. आम्ही निघालो.

वस्ती मागं पडल्यावर मी थांबले. "आप्पा, त्यांना सांगायला हवं. टाके उसवले तर अजून..."

"तिनं माझ्यासाठी पयल्यांदा काय शिवलंय म्हाईत हाय का तुला?"

"घरातली गोधडी."

"ती मी इकत आणली व्हती. नवरा गेल्यावर सा महिन्यांनी गेलो, तोंड दाखवायला धीर न्हवता, म्हनून गिऱ्हाईक हून गेलो. हे सगळं टाकं तिनं आपनहून घातल्यात." मग थोडं चालून, दम घेऊन, "तिला सांगायचं न्हाई. आत्ता न्हाई, मागनं न्हाई."

न्हावऱ्याला बाजार होता. मी ब्लँकेट घेऊ म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. वहिनीनं दिलेलं पांघरीन, दुसरं न्हाई. ज्या माणसानं कधी देव मानला नाही, त्यानं त्या पांघरुणाचं असं व्रत करून ठेवलं. रात्री त्यांना झोप लागल्यावर मी माझी चादर त्यांच्यावर टाकली. सकाळी उठले तर ती माझ्याच अंगावर, पायाखाली नीट खोचलेली.

दुसरा मुक्काम पारगावला पुलाजवळच्या देवळाच्या ओसरीत पडला. नदीचा गारवा फरशीतून वर येत होता. पहाटे मी पाहिलं तर आप्पा खांबाला टेकून बसले होते, पांघरूण खांद्यावरून घेऊन. ओठांचा रंग गेला होता.

"झोपला नाहीत?"

"झोपलो की. लई उकडाया लागलं म्हनून बसलो."

मी रडले नाही, मी भांडले. तुम्हीच शिकवलंत खरं ते छापायचंच, म्हटलं, आणि एका बाईला चार टाके चुकले एवढं सांगायची तुमची हिंमत नाही. तुमचं सगळं खरं कंपनीसाठी, घरच्यांसाठी काही नाही. आप्पा म्हणाले, "पोरी, दोर माझ्या हातात व्हता. तिनं मला एकदा बी इचारलं न्हाई, तुम्ही कसं वर आला म्हनून. एकदा बी न्हाई."

मी अंथरुणं गुंडाळली.

केडगाव तिथून फार लांब नाही. आम्हाला संध्याकाळ झाली. वाटेतल्या गुऱ्हाळांवर आप्पा बसत, भट्टीच्या उबेशी हात धरत. एका गुऱ्हाळवाल्यानं गरम गूळ हातावर ठेवला, आप्पांनी त्याला पत्रक दिलं. त्यानं त्यावरच दुसरा गुळाचा खडा ठेवून परत केलं. आप्पांना त्याचं हसू आलं आणि हसता हसता जो खोकला सुरू झाला तो थांबेना. केडगाव स्टेशनच्या बाकावर ते आडवे झाले. मी त्यांना विचारलं नाही, दौंडची दोन तिकिटं काढली. गाडीत ते डबा मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होते. पाटसला ते एवढंच म्हणाले, "हितं मुक्काम व्हता."

दौंडच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. जोडीदाराच्या तारखेच्या सकाळी, नाकाला नळी असतानाच, त्यांनी मला बोटानं डबा दाखवला, मग दोन बोटं चालवून दाखवली. मी दौंडहून कुरकुंभला चालत गेले. एकटी. पहिली पाळी सुटली तेव्हा पाच-सहा जण थांबले. त्यातले दोघं बिहारचे, विशीतले. "किसका है?" एकानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं दशमीचा तुकडा कपाळाला लावला आणि मग खाल्ला. ते दोघं कुठल्या विभागात आहेत, विचारलं. टाक्या साफ करतो, म्हणाले. आत उतरायच्या आधी हवा कोण तपासतं, विचारलं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मी पत्रक दिलं, पण ते मराठीत होतं.

आप्पा त्यानंतर सोळा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, थंडीनं निमित्त झालं, पण आज ना उद्या हे होणारच होतं. आज ना उद्या या शब्दांत किती दिवस मावतात, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्याकडं गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन टाकतात. नातेवाईक त्यासाठी दोनदा आले. मी दिलं नाही.

आठवड्यानं काकू आल्या. एसटीनं, एकट्या. चहा घेतला नाही. आप्पांच्या खाटेवर हात ठेवून बसल्या आणि विचारलं, "ऊब व्हती का गं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर धादांत खोटं बोलले. "होती काकू. खूप होती."

"आण बघू."

मी पांघरूण आणलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, मग पावलांवरून, मग खांद्यावरून. फेब्रुवारीची सकाळ होती, दारातून वारा येत होता. त्या तशाच बसून राहिल्या. एका हातानं टाक्यांवरून बोट फिरवत होत्या, ओळीमागून ओळ. मधल्या चौकोनापाशी बोट थांबलं. चिमटीत धरून त्यांनी ते दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दबलेलं कापड पुन्हा वर आलं नाही.

"भावजींना म्हाईत व्हतं?"

मी पांघरुणाची कड सरळ केली.

"आन् तुला?"

"त्यांनी पायावर पाय ठेवला होता, काकू."

"लई शाणी माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गावाला कागद वाटत फिरता. मला सांगायला एक तोंड न्हवतं घरात? एका दुपारचं काम व्हतं गं उसवायचं. तुमी दोघं अंगनात बसला असता, मी च्या ठेवला असता, तवर झालं असतं."

मग त्यांनी ब्लेड मागितलं. आप्पा दाढी करायचे ते आणून दिलं. काकू खाली बसल्या, पांघरूण फरशीवर पसरलं आणि कडेच्या ओळीपासून टाके कापायला लागल्या. मी समोर बसून लाल दोरे ओढून काढत राहिले. भोकांतून बारीक पिसं बाहेर येत होती, काकूंच्या केसांवर, चष्म्यावर बसत होती. त्या ती झटकत नव्हत्या. दुपार कलेपर्यंत मधल्या चौकोनाशी पोचलो. जिथं दोरा निघाला तिथलं कापड थोडं वर आलं होतं, सगळीकडं नाही. काही पिसं दबून गठ्ठा झाली होती, ती तशीच राहिली.